सहा आठवड्यांच्या बाई

इंटर्नशिपच्या एका मुलाखतीत समोरच्या सरांनी माझा सीव्ही वाचता वाचता मान वर केली. "व्हिएतनाममध्ये शिकवलंयस? वा! मग मला सांग, तू निघालीस तेव्हा त्या मुलांना असं काय यायला लागलं होतं, जे आधी येत नव्हतं?"

मी तोंड उघडलं आणि बंद केलं. उत्तरं माझ्याकडे भरपूर होती, पण सगळी दुसऱ्याच प्रश्नाची. मला काय काय यायला लागलं, हे मी अर्धा तास सांगू शकले असते. चॉपस्टिक्सनं भात खाता येतो, अनोळखी शहरात एकटीनं बस पकडता येते, चाळीस मुलांसमोर पाय न कापता उभं राहता येतं. पण मुलांना काय आलं? मी म्हणाले, "त्यांचा कॉन्फिडन्स वाढला." सर हसले आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले. ते हसू अजून डोक्यातून गेलेलं नाही.

हे आज लिहिण्याचं कारण म्हणजे सेमिस्टर संपत आलं की तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती लिंक येते. 'सहा आठवडे परदेशात शिकवा', 'जग बदला, स्वतःला शोधा' वगैरे. सोबत फोटो, मध्ये आपल्या वयाचं कुणीतरी आणि भोवती व्हीची खूण करणारी वीस मुलं. हनोई, बाली, कोलंबो, कैरो. मीही त्या लिंकवर क्लिक केलं होतं. दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपली आणि नोव्हेंबरच्या मध्यावर मी हनोईला गेले, डिसेंबरअखेर परत आले. फी, विमान, व्हिसा, विमा सगळं मिळून एका नव्या ॲक्टिव्हाएवढा खर्च झाला. बाबांनी एक एफडी मोडली. त्यांचं म्हणणं एकच होतं, "मुलांना शिकवायला चाललीय, चांगलं काम आहे."

त्यामुळे 'जाऊ नका' हे सांगायला मी बसलेले नाही. मला फक्त त्या सहा आठवड्यांचा हिशोब तुमच्यासमोर मांडायचाय. तो मला जायच्या आधी कुणी मांडून दाखवला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मीही विचारला नव्हता.

पहिला आठवडा सगळा शरीराचाच असतो. झोप, पोट, पाय. हनोईच्या रस्त्यांबद्दल सगळे घाबरवतात, पण लक्ष्मी रस्त्यावर वाढलेल्या माणसाला दुचाक्यांचा काय धाक? तिथला नियम असा की, सावकाश, एका चालीनं चालत राहायचं, मध्येच थांबायचं नाही आणि पळायचं तर मुळीच नाही. गाड्या तुमच्या बाजूनं निघून जातात. आपण पुणेकर नेमकं उलटं करतो, थांबतो, डोळे वटारतो आणि मग पळतो. दोन दिवस मी सगळ्यांचा गोंधळ उडवला. आणखी एक धक्का म्हणजे सगळे हेल्मेट घालतात. २००७ पासून तिथे हेल्मेटसक्ती आहे आणि लोक ती चक्क पाळतात. हे घरी फोनवर सांगितलं तर कुणाचा विश्वास बसेना.

दुपारी मात्र मला माहेरी आल्यासारखं वाटलं. जेवण झालं की शहर आडवं होतं. ऑफिसात लोक खुर्चीत मान टाकतात, शाळेत मुलांना चटया घालून झोपवतात. एक ते चारवरून आपली इतकी वर्षं थट्टा करणाऱ्या सगळ्यांना तिथे नेऊन उभं करावं असं वाटलं.

जेवणाचं प्रकरण जरा अवघड गेलं. मी घरी शाकाहारी आहे (एफसी रोडवर काय आहे, ते आईनं विचारू नये), आणि परक्या देशात घरचेच नियम पाळायचे असं ठरवून गेले होते. तिकडे शाकाहारी जेवणाला 'चाय' म्हणतात. तीन दिवस मी त्या पाट्या बघून 'अरे वा, किती चहाची दुकानं' असं मनाशी म्हणत होते. पण खरी मेख त्या पाटीबाहेर आहे. माशापासून केलेला एक पातळ सॉस त्यांच्या स्वयंपाकात आपल्या मिठासारखा पडतो. 'मासा नको' म्हटलं तर मासा काढून टाकतात, पण सॉस तसाच राहतो, कारण तो मासा आहे हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. आपण नाही का एखाद्या परदेशी पाहुण्याला 'अजिबात तिखट नाही' असं छातीठोकपणे सांगून मिसळ वाढत? तसंच.

मी एका कुटुंबात राहत होते. आई नोकरीला जाणारी, मुलगी अकरावीत, आणि आजी. आजीला 'बा' म्हणायचं. महिन्यातून दोन दिवस, त्यांच्या चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला, बा स्वतः शाकाहारी जेवायची. आपल्या चतुर्थी-एकादशीसारखंच. त्या दोन दिवशी ती माझ्या वाडग्यात तोफूचे तुकडे असे वाढायची की आजचा सण जणू माझाच आहे. बाकीचे दिवस मी भात, पालेभाजी, अंडं आणि नेलेलं मेतकूट यांवर काढले. चितळ्यांची बाकरवडी तिसऱ्या दिवशी संपली. ती मी नाही, बानं संपवली.

या सगळ्यात मजा होती, आणि फोटोही भरपूर निघाले. पण पहिल्या आठवड्यात वर्गात काय झालं म्हणाल तर मी गेले, उभी राहिले, नाव सांगितलं, एक गाणं म्हणून घेतलं आणि घरी येऊन झोपले.

मग भाषा. व्हिएतनामी भाषेत सहा सूर आहेत. 'मा' हा एकच आवाज सूर बदलत गेला की भूत, आई, पण, थडगं, घोडा आणि भाताचं रोप असे सहा अर्थ होतात. माझ्या वर्गात चाळीस मुलं, आणि चाळीस नावांपैकी एकही मला नीट उच्चारता येत नव्हतं. हजेरी घेतली की वर्ग हसून लोळायचा. मुलं हसली म्हणजे आपण त्यांना आवडलो, असा आपला गैरसमज होतो. माझाही झाला. तीन आठवड्यांनी कळलं की एका मुलीच्या नावाचा मी रोज काहीतरी भलताच शब्द करत होते आणि ती घरी जाऊन रडायची. नऊ वर्षांची मुलगी. ती मला काही बोलली नाही, कारण मी 'बाई' होते.

'बाई' म्हणजे तिथे 'को'. शब्दाचा मूळ अर्थ आत्या. व्हिएतनामीत सरळसोट 'मी' आणि 'तू' फारसं चालत नाही, नातं चालतं. वर्गात मी स्वतःला 'को' म्हणायचं आणि मुलं स्वतःला 'एम' म्हणणार, म्हणजे धाकटं भावंड. घरच्या अकरावीतल्या मुलीसमोर मी 'ची', म्हणजे ताई. बासमोर मी 'चाऊ', नात. म्हणून तिथे भेटल्या भेटल्या पहिला प्रश्न वयाचा असतो. मला आधी तो चोंबडेपणा वाटला. वय कळल्याशिवाय त्यांना वाक्यच सुरू करता येत नाही, हे उशिरा लक्षात आलं. आपलंही तसंच आहे की. समोरच्याला तू म्हणायचं की तुम्ही, काकू की मावशी, हे ठरेपर्यंत आपण 'ते हे… जरा…' करत बसतोच ना? इंग्रजीचं पुस्तक घेऊन गेलेली मी हे सगळं विसरून गेले होते. सगळ्यांना 'यू' म्हणत होते आणि मुलं मला परत 'यू' म्हणायला कचरतात म्हणून 'शाय' ठरवत होते.

२० नोव्हेंबर हा व्हिएतनामचा शिक्षक दिन. मी शाळेत जायला लागून जेमतेम तीन दिवस झाले होते. त्या सकाळी गळ्यात लाल रुमाल बांधलेली मुलं ओळीनं उभी आणि प्रत्येकाच्या हातात फूल. शाळेतल्या इंग्रजीच्या बाई, वय पंचेचाळीसच्या आसपास, माझ्या शेजारी उभ्या. मला अकरा फुलं मिळाली. मी फोटो काढला, स्टोरी टाकली, आणि 'सो प्राउड' म्हणून शंभर हृदयं आली. तेव्हा मी केलेलं काम म्हणजे दोन वेळा हजेरी आणि एक गाणं. आता तो फोटो बघितला की मला त्यात शेजारच्या बाईंचा अर्धा हात दिसतो. मी त्यांना क्रॉप केलं होतं.

आता वर्गाचा हिशोब. व्हिएतनाममध्ये अलीकडे तिसरीपासून इंग्रजी सक्तीचं झालंय, आठवड्याला चार तास, प्राथमिक शाळेचा तास ३५ मिनिटांचा. मला तिसरीच्या चार तुकड्या दिल्या आणि प्रत्येक तुकडीचे आठवड्यातले दोन तास. म्हणजे एका मुलाच्या वाट्याला मी सहा आठवड्यांत १२ वेळा आले. बारा गुणिले पस्तीस, ४२० मिनिटं, सात तास. चार तुकड्या मिळून माझं एकूण शिकवणं २८ तास, तेही एकही सुट्टी धरली नाही तर. परत आल्यावर मला मिळालेल्या प्रमाणपत्रावर '२४० तास अध्यापन' असं लिहिलंय. ते मी सीव्हीला जोडलं होतं. जोडताना मी हा गुणाकार केलाच नव्हता.

आणि त्या सात तासांत मी शिकवलं काय? आपली ओळख, रंग, फळं. 'माय नेम इज', 'रेड', 'ॲपल'. मुलं इतक्या जोरात आणि इतकं बरोबर म्हणायची की मला वाटलं, काय हुशार वर्ग आहे! दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी एका मुलानं मला आपली वही उघडून दाखवली. त्यात चित्रं होती, लाल सफरचंद, पिवळं केळं. पुढे दोन पानं उलटली, पुन्हा लाल सफरचंद, पिवळं केळं, पण शाई वेगळी. आणखी पुढे तेच. प्रत्येक सेटच्या वर एकेक परकं नाव लिहिलेलं. त्या वर्षातली मी चौथी होते. आमच्यातला प्रत्येक जण नवा आला, गांगरला, सगळ्यात सोपं काय म्हणून रंग आणि फळांपासून सुरुवात केली, आणि जरा पाय रोवेपर्यंत निघून गेला. वर्गाला चार वेळा सफरचंद मिळालं, त्याच्या पुढे कुणी गेलंच नाही.

मधल्या काळात इंग्रजीच्या बाई मागच्या बाकावर बसून वह्या तपासत असत. त्यांचं व्याकरण माझ्यापेक्षा पक्कं होतं, फक्त बोलताना अडखळायच्या. वर्ग हाताबाहेर गेला की नुसत्या बघायच्या आणि वर्ग जागेवर. पहिल्या चार आठवड्यांत मी त्यांना एकदाही विचारलं नाही की, मी काय शिकवू? आम्हाला मिळालेल्या पीडीएफमध्ये खेळ होते, गाणी होती, 'कल्चर शॉक'चे चार टप्पे आलेखासकट होते. 'वर्गशिक्षिकेशी बोला' हे वाक्य मात्र नव्हतं.

एक बारीक गोष्ट सांगून पुढे जाते. एका संध्याकाळी आम्हा व्हॉलंटिअर्सना एका खासगी क्लासमध्ये नेलं होतं. पालक आपल्या मुलांना युरोपातून आलेल्या दोघांजवळ उभं करून फोटो काढत होते. मी बाजूला. एका बाईंनी फोनवर भाषांतर करून मला विचारलं, "तुम्ही पण इंग्रजीच शिकवता?" राग आला. मग आठवलं की आपल्या शाळेच्या माहितीपत्रकावरसुद्धा गोरं माणूस छापलं की प्रवेश वाढतात, हे आपल्याला कुठे नवीन आहे! पण तो राग एका अर्थानं उपयोगी पडला. मी विचार करायला लागले की मला नेमकं कशासाठी बोलावलंय. शिकवण्यासाठी, की परकं दिसण्यासाठी?

चौथ्या आठवड्यात मी रुळले. कधी ते कळलं, तेही सांगते. उत्तर व्हिएतनामच्या घरांत जेवायला बसलं की लहानांनी मोठ्यांना 'जेवा' असं म्हणायचं असतं, एकेकाचं नातं घेऊन. बा, जेवा. आई, जेवा. मग वाडगा उचलायचा. मी चार आठवडे रोज नुसतीच बसून खायला सुरुवात करत होते. कुणी बोललं नाही. शेवटी अकरावीतल्या मुलीनं हळूच ते वाक्य शिकवलं. मी ते बाला म्हणाले, बहुतेक चुकीच्या सुरात. बानं काठ्या खाली ठेवल्या आणि माझ्याकडे बघून हसली. त्या रात्री पहिल्यांदा मला नीट झोप लागली.

पाचव्या आठवड्यात मी बाईंना विचारलं. फोन मध्ये धरून, अर्धं भाषांतर, अर्धे हातवारे. त्या म्हणाल्या, "मुलांना वस्तूंची नावं येतात. प्रश्न विचारता येत नाहीत. माझ्याशी ती इंग्रजीत बोलत नाहीत, कारण मला व्हिएतनामी येतं हे त्यांना माहीत आहे. तुम्हाला येत नाही. पाच-पाच जणांना घेऊन कोपऱ्यात बसा. त्यांना तुम्हाला प्रश्न विचारू द्या. बाकीच्या वर्गाचं मी बघते." एवढं साधं. मला त्यांची भाषा न येणं, ज्याची मला चार आठवडे लाज वाटत होती, तीच माझ्याकडची एकमेव उपयोगी गोष्ट होती.

मग राहिलेले दिवस तसं केलं. पहिल्या दिवशी कुणी बोलेना. दुसऱ्या दिवशी एकानं विचारलं, "तुमच्या घरी म्हैस आहे का?" तिसऱ्या दिवशी प्रश्नांची रांग लागली. जिच्या नावाची मी वाट लावली होती तिनं विचारलं, "तुम्ही कधी जाणार?" मी म्हणाले, शुक्रवारी. तिनं मान डोलावली. तिला आश्चर्य वाटलं नाही. तिला सवय होती.

सहामाही परीक्षा तोंडावर असताना मी निघाले.

हा झाला हिशोब. सहा आठवडे हा काळ परक्या जागी रुळायला बरोबर पुरतो. पण तो खर्च होतो मुलांच्या तासांमधून. पैसे बाबांनी भरले असं मी समजत होते. बाबांनी विमानाचे भरले. माझ्या रुळण्याची फी त्या तिसरीच्या चार तुकड्यांनी भरली, आठवड्याला दोन तास अशी.

आता तुम्ही म्हणाल, रुळायला वेळ लागणारच, मग कुणी परदेशात शिकवायला जाऊच नये का? जावं. पण जे गेले आणि ज्यांचं नाव राहिलं त्यांनी काय केलं ते बघा. आपल्या पुण्यातलंच उदाहरण घ्या. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या तेव्हा २५ वर्षांच्या होत्या, म्हणजे आपल्यातल्या एम.ए. करणाऱ्या कुणाच्याही वयाच्या. कडेवर लहान मुलगी, हातात 'स्त्रीधर्मनीति' या स्वतःच्या पुस्तकाच्या विक्रीतून उभे केलेले पैसे. वाँटेज गावी त्या ज्या ख्रिस्ती भगिनींकडे राहिल्या, तिथे देवाणघेवाण सरळ होती. भारतात येणाऱ्या भगिनींना त्यांनी मराठी शिकवायचं, आणि स्वतः इंग्रजी शिकायचं. पुढे चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या संस्कृत शिकवत होत्या आणि त्याच कॉलेजात विद्यार्थिनीही होत्या. धर्म बदलला तरी शाकाहार सोडला नाही. काय खायचं, काय नेसायचं, कुणाला शिकवायचं यावर मोठमोठ्या पदांवरच्या लोकांशी पत्रांतून वाद घातले. जुळवून घेणं म्हणजे मान तुकवणं नव्हे, हे त्यांच्याकडून शिकावं. आणि त्या १८८६ मध्ये तिथून निघाल्या. म्हणजे जवळपास तीन वर्षांनी, सहा आठवड्यांनी नाही.

उलट दिशेचं उदाहरण तर आणखी जवळ आहे, स्वारगेटहून एसटीनं जाण्याच्या अंतरावर, फलटणला. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकन बाई साठच्या दशकाच्या सुरुवातीला हैदराबादला शिकवायला आल्या, परत जाऊन भाषाशास्त्र शिकल्या, आणि मग फलटणला येऊन त्यांनी तिथल्याच बोलीवर पीएच.डी. केली. पुढे १९७८ मध्ये भारताचं नागरिकत्व घेतलं. परदेशी लोकांनी मराठी शिकावं म्हणून जाई निंबकरांबरोबर पाठ्यपुस्तकं लिहिली. शाळेत जाऊनही वाचता न येणारी दलित वस्तीतली मुलं त्यांना दिसली, त्यांना त्या वाचायला शिकवू लागल्या, आणि त्यातून प्रगत शिक्षण संस्था आणि तिची शाळा उभी राहिली. क्रम नीट बघा. आधी भाषा, मग लोक, मग शिकवणं. आमच्या पॅकेजमध्ये शिकवणं पहिल्या सोमवारी सकाळी आठला सुरू होतं.

सगळ्यांनी काही आयुष्य द्यायला नको. मीही देणार नाही, मला पत्रकार व्हायचंय. पण मधल्या वाटा आहेत. अमेरिकेची पीस कोअर १९६१ मध्ये सुरू झाली. तिथे स्वयंसेवकाला आधी साधारण तीन महिने भाषेचं आणि कामाचं प्रशिक्षण देतात आणि मग दोन वर्षं ठेवतात. आपल्याकडे टीच फॉर इंडियानं २००९ मध्ये पुण्या-मुंबईत सुरुवात केली, तीही फेलोशिप दोन वर्षांची. यांच्यावर टीका होते, होऊ दे, पण रुळायचा वेळ मुलांच्या खात्यातून काढायचा नाही एवढं तरी त्यांनी मान्य केलंय.

आणि एक गोष्ट कडक शब्दांत सांगते. अनाथालयात 'लव्ह द किड्स' छापाचं काही असेल तर त्या लिंकवर क्लिकही करू नका. नेपाळ आणि कंबोडियात असं दिसून आलंय की, अशा ठिकाणच्या कितीतरी मुलांचे आईबाप हयात असतात. पाहुणे आणि त्यांचे पैसे येत राहावेत म्हणून मुलांना तिथे ठेवलं जातं. तिथे आपला कनवाळूपणा हाच त्यांचा धंदा असतो.

बाकी ठिकाणी जायचंच ठरलं असेल तर पैसे भरायच्या आधी प्रश्न विचारा, आणि ते निर्लज्जपणे विचारा, आपण पुणेकर आहोत. माझ्या आधी त्या वर्गावर कोण होतं आणि त्यानं कुठपर्यंत शिकवलं? माझ्यानंतर कोण येणार? तिथल्या शिक्षिकेचा फोन नंबर मला आत्ता मिळेल का? तिला मी हवी आहे का, की फक्त तुम्हाला हवी आहे? मी पर्यटक व्हिसावर जाणार असेन तर त्या व्हिसावर शिकवलेलं तिथल्या कायद्याला चालतं का? आणि माझ्या फीमधला किती वाटा शाळेपर्यंत पोचतो? मी यातला एकही प्रश्न विचारला नाही. मी विचारलं होतं, तिथे वायफाय आहे का.

शिवाय रुळण्याचं निम्मं काम इथे बसून करता येतं. सहा सूर यूट्यूबवर आहेत. पुण्यात परदेशी विद्यार्थी काय कमी आहेत? ज्या देशात जाणार तिथलं कुणीतरी विद्यापीठात किंवा एखाद्या हॉस्टेलवर सापडेल. त्याला गाठा, चहा पाजा, चाळीस नावं उच्चारून घ्या. त्याला मराठीची अडचण असेल तर ती सोडवा. तिथेही देवाणघेवाणच आहे, आणि त्यात कुणाच्या वर्गाचे तास जात नाहीत.

आणि तिथे गेल्यावर 'टीचर' म्हणून नका जाऊ. मागच्या बाकावर बसा. वर्ग बाईंचा आहे, त्यांनी पुढे उभं राहू दे. शिकायला गेलात तर सहा आठवडे भरपूर आहेत, त्यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही. घरी तसं सांगायला मात्र धीर लागतो. 'शिकवायला चाललेय' म्हटल्यावर एफडी मोडली जाते, 'जेवायच्या आधी आजीला काय म्हणायचं ते शिकायला चाललेय' म्हटल्यावर मोडली जाईल का, शंकाच आहे. माझ्या बाबांनी मोडली नसती. हे मी त्यांना परवा सांगितलं. ते म्हणाले, "मग आता लिही तरी नीट."

आमच्या कॉलेजची एक ज्युनिअर आता जाणार आहे. तोच कार्यक्रम, तेच शहर, बहुतेक तीच शाळा. परवा कँटीनमध्ये मला भेटायला आली होती, कपडे काय न्यायचे विचारायला. मी तिला सांगितलं, डिसेंबरात थंडी पडते आणि घरात हीटर नसतो, स्वेटर ने. बाकरवडी दोन किलो ने. मग तिला माझी वही दिली. तीत चाळीस नावं आहेत, सुरांच्या खुणांसकट, अकरावीतल्या त्या मुलीनं तपासून दिलेली. ती मुलं आता पुढच्या इयत्तेत गेली, पण त्यांच्या धाकट्या भावंडांची आडनावं तीच असतील. इंग्रजीच्या बाईंचा नंबर पहिल्या पानावर आहे. त्यांना मी मेसेज करून ठेवलाय की हिला कामाला लावा.

"मग मी पहिल्या दिवशी शिकवू काय?" तिनं विचारलं.

"बाईंना विचार. आणि रंग, फळं घेऊ नकोस. ती त्यांना येतात."